सेल्समधून थकून बाहेर पडताना: गोव्यातून वारंवार येणारे प्रश्न

मी अकरा वर्षं फोंडा, डिचोली आणि वाळपई या पट्ट्यात एका औषध कंपनीची एमआर (वैद्यकीय विक्री प्रतिनिधी) होते. स्कूटरवर पायापाशी बॅग, डिकीत सॅम्पल, रेनकोट आणि डबा. ते काम सोडून सहा वर्षं झाली, आता एका खासगी इस्पितळाच्या खरेदी विभागात आहे. तेव्हापासून जुने सहकारी, त्यांचे भाऊबंद, बँकेची क्रेडिट कार्डं विकणाऱ्या मुली, शोरूममध्ये गाड्या आणि कळंगुटला टाइमशेअर विकणारी मुलं प्रश्न पाठवत असतात. बहुतेक प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या प्रश्नाशी संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मला नुसता कंटाळा आलाय की हे बर्नआउट आहे, कसं ओळखायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणातून आलेली अवस्था म्हटलंय. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत. अंगातली शक्ती संपून जाते, कामाबद्दल मन तुटतं किंवा कडवट होतं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं.

घरच्या घरी करायची परीक्षा म्हणजे चवथीची सुट्टी. माटोळी बांधली, आरत्या झाल्या, चार दिवस फोन बाजूला राहिला आणि परतताना अंग हलकं वाटलं, तर तो थकवा होता. विसर्जनाच्या रात्रीच पोटात गोळा येत असेल तर प्रकरण पुढे गेलंय. माझी खूण फोन ही होती. एरिया मॅनेजरच्या नंबरला मी वेगळी धून लावली होती. पुढेपुढे कदंब बसमध्ये परक्या माणसाच्या फोनवर ती धून वाजली तरी माझे तळहात ओले व्हायचे.

यासोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. यातली एखादी गोष्ट बिघडली तरी असाच थकवा येतो, आणि त्यासाठी नोकरी बदलायची गरज नसते.

२. आधी डॉक्टरकडे जावं की करिअर काउन्सेलरकडे?

झोप दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस उडाली असेल, जेवण जात नसेल, कामाबाहेरच्याही कशात जीव रमत नसेल, रोज संध्याकाळी दारू लागत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर आधी डॉक्टर. करिअरचा विचार त्यानंतर. जगणं नको वाटण्याच्या बाबतीत आठवड्याची वाट पाहू नका, आज घरातल्या एका माणसाला सांगा आणि फोन करा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं.

बांबोळीला गोमेकॉजवळ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळ) आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. "तिथे कोणी ओळखीचं दिसलं तर?" ही भीती मला जवळजवळ प्रत्येकाने बोलून दाखवलीय. गोवा लहान आहे, कोणी ना कोणी दिसणारच. पण जो तिथे दिसतो तोही कुठल्या तरी कारणानेच आलेला असतो.

पर्वरीची 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून या क्षेत्रात आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांकडून नैराश्यावर सहा ते आठ भेटींचा उपचार करून पाहिला, आणि त्याचे चांगले निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्या पद्धतीचा गाभा असा की मन ताळ्यावर येण्याची वाट पाहत बसू नका, पूर्वी बरं वाटायचं अशा लहानशा कामाला आधी हात घाला, मन मागून येतं. कोणी संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत जाईल, कोणी भजनाला पेटीवर बसेल. मी अंगणातल्या मोगऱ्याची आळी केली.

३. करिअरचा सल्ला विचारायचा कोणाला? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

अकरा वर्षांच्या नोकरीनंतर आणि सहा वर्षांच्या या प्रश्नोत्तरांनंतर माझं ठाम मत झालंय की सगळे प्रश्न एकाच माणसाला विचारल्याने सल्ला बिघडतो. मी माझ्या मामांना सगळं विचारलं. ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पोटतिडकीने सांगितलं, "पीएफ मोडू नकोस, आणि नोकरीही सोडू नकोस." पहिला सल्ला बरोबर होता, कारण हिशेब हा त्यांचा प्रांत. दुसरा त्यांनी माझ्या काळजीपोटी दिला होता, पण माझा एकही दिवस त्यांनी पाहिलेला नव्हता. मी दोन्ही ऐकले आणि त्यापुढे दीड वर्ष तशीच काढली.

म्हणून प्रश्न वाटून घ्या. शरीर आणि मन कुठवर ताणलंय ते डॉक्टर सांगेल. किती महिने बिनपगारी निघतील हे हिशेब कळणाऱ्याला विचारा, मात्र तो तुम्हाला पॉलिसी किंवा फंड विकणारा नको. एखादं काम प्रत्यक्षात कसं असतं ते, त्या कामात दोन ते पाच वर्षं काढलेला माणूस सांगेल. वीस वर्षं झालेल्याला सुरुवातीचे दिवस आठवत नाहीत आणि सहा महिने झालेल्याला अजून सगळं नवं वाटत असतं. आणि तुम्ही मुळात कसे आहात हे सेल्समध्ये येण्याआधीपासून ओळखणाऱ्या कोणाला तरी विचारा. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने सांगितलं, "तू वर्गाची वही ठेवायचीस, कोणाचे किती पैसे आले आणि कोणाचे राहिले ते तुला तोंडपाठ असायचं." आज मी तेच काम करते.

सरकारी मदतही आहे. पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात मजूर आणि रोजगार खातं आहे, तिथे नाव नोंदवता येतं. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवरही नोंदणी फुकट होते. नोकरी लगेच मिळेल अशी आशा धरू नका, पण कुठल्या कामाला काय पात्रता मागतात ते एका बैठकीत कळतं.

४. त्या कामातल्या माणसाला भेटून बोलायचं काय? उगाच वेळ घेतल्यासारखं वाटतं.

तुम्ही अनोळखी डॉक्टरच्या केबिनबाहेर दोन तास थांबून दीड मिनिटात बोलून आलेली माणसं आहात. हे काम तुमच्याइतकं कोणाला जमणार? फक्त या वेळी विकायचं काही नाही. फोनवर एवढंच म्हणा: "दादा, तुमच्या लाइनमध्ये यायचा विचार करतोय. नोकरी मागायला येत नाही, वीस मिनिटं समजून घ्यायचंय." दादा, ताई, सर, ज्याला जे शोभेल ते. दहापैकी सहा-सात जण हो म्हणतात, असा माझा अनुभव.

मग मोघम विचारू नका. "हे फिल्ड कसं आहे?" या प्रश्नावर "चांगलं आहे" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: काल सकाळी आल्यापासून काय काय केलंत? पहिल्या वर्षी हातात किती यायचे? पावसाळ्यात काम असतं का? महिन्यातले कुठले दिवस वाईट जातात? तुमच्याबरोबर लागलेल्यांपैकी कोण सोडून गेलं, आणि का? या शेवटच्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त शिकवलं. एका हॉटेलच्या स्टोअरकीपरने त्यावर बराच वेळ पंख्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "डिसेंबर कोणाला झेपत नाही." तोवर मी हॉटेलचाच विचार करत होते.

एका क्षेत्रातली निदान तीन माणसं भेटा, आणि घरी येताच लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी आपल्याला हवं तेवढंच आठवतं.

५. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या करिअर कोचकडे जावं का?

चांगले लोकही असतात. पण जो पहिल्याच भेटीत स्वतःचा कोर्स विकतो, "आजच भरलेत तर निम्मी फी" म्हणतो किंवा नोकरीची हमी देतो, तो तुमच्यावर क्लोजिंग करतोय, म्हणजे घाईने सौदा पक्का करून घेतोय. हे तुम्ही ओळखायला हवं, रोज तेच करत होतात. थकलेल्या माणसाला कोणी तरी हाताला धरून न्यावंसं वाटतं, त्यामुळे या काळात आपण सोपं गिऱ्हाईक असतो. आधी प्रश्न ३ आणि ४ मधलं फुकटचं काम संपवा. त्यानंतरही अडलात तर पैसे देऊन विचारायला हरकत नाही.

६. आधी राजीनामा द्यावा की आधी दुसरं काम शोधावं?

शरीर साथ देत असेल तर आधी शोधा. पण सेल्समधली अडचण अशी की शोधायला लागणारी शक्तीच उरलेली नसते. अशा वेळी राजीनाम्याआधी शिल्लक रजा काढा. दहा-बारा दिवस सलग, फोन बंद ठेवून.

सोडेपर्यंतच्या कमाईचा हिशेब करताना इन्सेन्टिव्ह शून्य धरा आणि फक्त ठरलेला पगार मोजा. रोजच्या भत्त्यावर (डीए) आणि पेट्रोल भत्त्यावर घर चालत असेल तर तेही बंद होणार. मग घरखर्च, हप्ते, मुलांची फी आणि विम्याचे पैसे यांची महिन्याची बेरीज काढा. सहा महिने पुरतील एवढे बाजूला असतील तर आधी सोडलं तरी चालेल. तीनच महिने पुरत असतील तर मी थांबायला सांगते. याला अपवाद प्रश्न २ मधली स्थिती. तिथे डॉक्टर जे सांगेल ते आधी, पैशाचं काय ते घर मिळून बघेल.

७. घरी कसं सांगू? बाबा म्हणतात, "त्रास कोणाला नसतो?"

आकडा घेऊन बसा. "मला सहन होत नाही" याला बाबांकडे उत्तर असतं, कारण त्यांनी खाणीवर किंवा दुकानात यापेक्षा जड कष्ट उपसलेले असतात. "घर सात महिने चालेल, हप्ता या खात्यातून जाईल, मी या तीन ठिकाणी बोललोय" याला ते थांबून ऐकतात. घर म्हणजे बायको किंवा नवरा असेल, तर मात्र आकड्यांच्या आधी थकवा सांगा. तिथे उलटा क्रम लागतो.

८. मला सेल्सच नकोय की फक्त टार्गेट नकोय, हे कसं कळणार?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो फार कमी लोक विचारतात. बहुतेकांचा थेट निर्णय असतो: "आता माणसांशी बोलायचं कामच नको." मग ते दिवसभर एकट्याने स्क्रीनपुढे बसायचं काम धरतात आणि चार महिन्यांत कोमेजतात.

दोन आठवडे एक वही ठेवा. दर दोन तासांनी एक ओळ: काय केलं, आणि त्यानंतर अंगात जोर आला की गेला. माझ्या वहीत निघालं ते मला अपेक्षित नव्हतं. डॉक्टरांशी बोलणं, केमिस्टच्या काउंटरवर कुठलं औषध का हलत नाही ते समजून घेणं, साट्रे किंवा कोपार्डेच्या रस्त्याला भर पावसात स्कूटर चालवणंसुद्धा, यांपुढे मी "ठीक" लिहिलं होतं. "गेला" असं लिहिलेल्या ओळी जवळजवळ सगळ्या महिनाअखेरच्या होत्या. तीस तारखेची संध्याकाळ, स्टॉकिस्टचं, म्हणजे घाऊक वितरकाचं, गोदाम, ट्यूबलाइटखाली पेट्यांच्या राशी, आणि मी म्हणतेय, "भाऊ, अजून वीस पेट्या उचला, पुढच्या महिन्यात बघून घेते." त्याला माहीत असायचं की माल खपणार नाही, मलाही माहीत असायचं. तो पेन उघडून ऑर्डरवर सही करायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. मला त्या न बघण्याने थकवलं होतं.

तुमची वही वेगळं सांगेल. कोणाला प्रवास खातो, कोणाला नकार, कोणाला खोटं बोलावं लागणं, कोणाला रात्री दहाला ॲपमध्ये दिवसभराचा रिपोर्ट भरणं. ज्याने थकवलं तेवढंच टाळायचं. बाकीचं तुमचं भांडवल आहे, ते कसं वापरायचं ते पुढच्या उत्तरात.

९. बारा वर्षं फक्त विकलं. मला दुसरं येतं तरी काय?

नकार ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात जाता येतं. वसुली करता येते. कोणाचा माल किती दिवसांत फिरतो याचा अंदाज असतो. रागावलेल्या माणसाला शांत करता येतं. हे सगळं दुसरीकडे पगार देऊन घेतलं जातं, फक्त नाव वेगळं असतं. गोव्यात मी लोक जाताना पाहिले ते इस्पितळांच्या खरेदी आणि स्टोअरमध्ये, रुग्ण-समन्वयकाच्या कामात, वेर्णा आणि कुंडईच्या कारखान्यांत डिस्पॅच आणि पुरवठ्याच्या कामात, हॉटेलांच्या आरक्षणात, वितरकांच्या ऑफिसात, शाळा-कॉलेजच्या प्रशासनात, आणि नव्या विक्री प्रतिनिधींना शिकवण्यात.

बायोडेटात "१२० टक्के टार्गेट पूर्ण" हे खरेदी विभागाला काही सांगत नाही. "चाळीस केमिस्टची उधारी साठ दिवसांवरून पस्तीस दिवसांवर आणली" हे सांगतं. स्वतःचे खरे आकडे घ्या आणि समोरच्याच्या कामाच्या भाषेत मांडा.

१०. वय चाळीस झालं. सरकारी नोकरीचं दार बंद झालं का?

नाही. गोवा सरकारच्या बहुतेक जाहिरातींत वयाची कमाल मर्यादा ४५ असते, राखीव गटांना त्यातही सवलत मिळते. कनिष्ठ पदांची भरती आता गोवा कर्मचारी निवड आयोगाकडून संगणकावरच्या परीक्षेने होते. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, कोकणी येणं आवश्यक असतं आणि मराठी येणं इष्ट मानलं जातं. आपल्यापैकी अनेकांना वाटतं की मराठी शाळेत शिकलो म्हणून आपण मागे पडू. घरात आणि बाजारात कोकणी बोलणाऱ्याला ती अट अवघड नाही. पण लिहायचा सराव करा, बोलणं आणि लिहिणं वेगळं.

परीक्षेच्या आशेवर नोकरी मात्र सोडू नका. जाहिरात, परीक्षा आणि निकाल यांत बराच काळ जातो.

११. पुन्हा शिकायचं असेल तर काय शिकू?

आधी प्रश्न ४ मधल्या तीन भेटी, मग प्रवेश. उलट क्रमाने गेलेली खूप माणसं मी पाहिलीत, हातात सर्टिफिकेट आहे आणि काम आवडत नाही.

हाताचं काम शिकायचं असेल तर फर्मागुडी, म्हापसा, डिचोली, होंडा, काकोडा, काणकोण इथे सरकारी आयटीआय आहेत. शिक्षक व्हायचं असेल तर बी.एड. दोन वर्षांचं आणि पूर्ण वेळेचं असतं, म्हणजे दोन वर्षांच्या खर्चाचा विचार आधी करा. नोकरी सांभाळून पदवी किंवा पदविका पूर्ण करायची असेल तर इग्नूचं प्रादेशिक केंद्र गोव्यात आहे. शेती, रोपवाटिका, अळंबी किंवा मधमाशा यांत रस असेल तर जुने गोवे इथलं कृषी विज्ञान केंद्र आणि दक्षिणेत मडगावचं केंद्र इथे जाऊन प्रशिक्षणाच्या तारखा विचारा. अशी प्रशिक्षणं काही दिवसांचीच असतात, आणि आपल्याला ते काम झेपेल का हे स्वस्तात कळतं.

१२. स्वतःचा धंदा काढू का? होमस्टे किंवा छोटा कॅफे?

धंद्यात विक्री असतेच, आणि टार्गेट बँकेचा हप्ता ठरवतो. तुमच्या वहीत (प्रश्न ८) "मॅनेजरची कटकट" हे कारण निघालं असेल तर धंदा मानवेल. "रोज नव्या माणसाला पटवणं" निघालं असेल तर नाही. किनाऱ्यावरचा धंदा ऑक्टोबर ते मार्च चालतो, पावसाळ्यात भाडं मात्र चालू असतं, हे कागदावर मांडून बघा.

कर्जासाठी पणजीच्या ईडीसीत (गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळात) मुख्यमंत्री रोजगार योजनेची चौकशी करा. थकलेल्या अवस्थेत मात्र कर्ज काढू नका. निदान तीन महिने दुसऱ्याच्या होमस्टेत किंवा कॅफेत काम करा, पगारी असो की बिनपगारी.

१३. शिपवर किंवा गल्फला गेलो तर?

गोव्यात हा प्रश्न येणारच, प्रत्येक वाड्यावर कोणी तरी तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा, असतो. पैसा चांगला मिळतो. पण महिनोन्‌महिने सुट्टीविना काम, तेही लहानशा केबिनमध्ये दुसऱ्यासोबत राहून. बर्नआउट घेऊन चढलात तर ते सामानाबरोबर येतं. आधी बरे व्हा.

जायचंच ठरलं तर क्रूझसाठी एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांचं सुरक्षा प्रशिक्षण, सीडीसी (खलाशाचं सेवापुस्तक) आणि वैद्यकीय तपासणी लागते. भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना हवा, आणि असा परवानाधारक नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेऊ शकत नाही. गल्फसाठी एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा. त्याला कमाल ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. दोन लाख मागणाऱ्याला नमस्कार करून घरी या.

१४. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं काय करू?

पीएफ शक्यतो काढू नका, यूएएनवरून (पीएफच्या कायम क्रमांकावरून) नव्या नोकरीत वळवा. सलग पाच वर्षं व्हायच्या आधी काढला तर त्यावर कर लागतो, आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर पॅन असूनही १० टक्के टीडीएस कापला जातो. प्रकृतीमुळे नोकरी सुटली असेल तर यातून सूट आहे, म्हणून डॉक्टरचे कागद जपून ठेवा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. मधेच पेन्शनचा भाग काढला तर मागची वर्षं हातची जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे नियम बदलायचं ठरवलं: चौथा हिस्सा खात्यात राखायचा, आणि बेकारीत पूर्ण रक्कम काढायला दोनऐवजी बारा महिने थांबायचं. म्हणून "दोन महिन्यांत सगळा पीएफ मिळेल" या जुन्या भरवशावर प्रश्न ६ चा हिशेब करू नका.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल आणि सेवा आठ वर्षं असेल, तर २६,००० ला २६ ने भागून १५ ने गुणायचं, म्हणजे वर्षाला १५,०००, आठ वर्षांचे १,२०,०००. पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिनेच उरले असतील आणि तब्येत परवानगी देत असेल, तर ते काढा.

१५. "दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही" अशी सही केलीय. आणि बाँडही आहे.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे माणसाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो, त्यामुळे नोकरी सुटल्यानंतरची अशी अट सहसा टिकत नाही. पण कंपनीच्या ग्राहकांच्या याद्या आणि दर बाहेर नेणं हा वेगळा मामला, तिथे अडकू शकता. फोनमधल्या एक्सेल फायली नेऊ नका.

बाँडला, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायच्या कराराला, हलकं घेऊ नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. तुमच्या बाँडची रक्कम मोठी असेल तर राजीनाम्याआधी वकिलाला कागद दाखवा.

१६. माझा इन्सेन्टिव्ह अडकलाय, आणि स्टॉकिस्टचं येणं माझ्या नावावर टाकलंय. काय करू?

माझ्या बाबतीत हेच झालं. राजीनामा दिल्यावर जुन्या कंपनीने दोन तिमाहींचा इन्सेन्टिव्ह थांबवला आणि एका स्टॉकिस्टकडे परत न गेलेल्या मुदतबाह्य मालाची रक्कम माझ्या अंतिम हिशेबातून वजा केली. तोंडी ठरलेलं सगळं हवेत विरलं. त्या स्टॉकिस्टनेच मला त्याच्या वहीतल्या पानांचे फोटो दिले, ते जोडून मी मेल केला आणि निम्मी रक्कम परत आली. निम्मी गेली ती गेली.

म्हणून राजीनाम्याआधीच प्रत्येक स्टॉकिस्टकडून शिल्लक माल आणि येणी-देणी लेखी घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. इन्सेन्टिव्हच्या योजनेचं परिपत्रक, मंजुरीचे मेल, बॅग आणि टॅब परत केल्याची पोच, हे सगळं स्वतःच्या ईमेलवर ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन द्यायला सांगितलंय, पण कमिशन त्या व्याख्येतल्या वेतनात मोडत नाही, त्यामुळे इन्सेन्टिव्हचा वाद वेगळा लढावा लागतो. तक्रारीसाठी श्रमशक्ती भवन.

१७. कंपनीचा मेडिक्लेम सुटल्यावर?

शेवटच्या दिवसाआधीच एचआरला विचारा की गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. गेलात तर जुन्या आजारांच्या खर्चासाठी थांबावं लागणारा प्रतीक्षा काळ आधीच काढलेला धरला जाऊ शकतो. नव्याने काढलीत तर तो काळ कमाल तीन वर्षांचा असतो. मध्यंतरी गोव्याची दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना कामी येते: तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख, अट पाच वर्षांच्या वास्तव्याची. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विम्याचं संरक्षण द्यावं, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो.

१८. मुलाखतीत "का सोडलं?" विचारलं तर खरं सांगू?

खरं सांगा, थोडक्यात सांगा आणि पुढच्या कामाकडे वळा. मी सांगितलं होतं, "महिनाअखेरीला न खपणारा माल भरायला लावायचे. ते मला जमेनासं झालं. मला साठा नीट ठेवायचंच काम हवंय." समोरचे स्टोअरप्रमुख हसले, कारण असा माल दुसऱ्या टोकाला त्यांनी पाहिलेला होता. औषधोपचार घेतलेत का ते सांगायला तुम्ही बांधील नाही. जुन्या मॅनेजरची निंदा मात्र टाळा, तो पणजीच्या मुलाखतीत नसला तरी मडगावला त्याचा मेव्हणा असतो.

१९. नवं काम धरलं आणि तीन महिन्यांत पुन्हा तसंच वाटू लागलं तर?

वही परत काढा (प्रश्न ८). पहिले सहा आठवडे सगळ्यांनाच जड जातात, हातात अधिकार नसतो आणि चहा कुठे मिळतो तेही विचारावं लागतं. त्यानंतरही "गेला" असं लिहिलेल्या ओळी तशाच असतील, तर दोनच शक्यता. त्याच कारणाचं काम पुन्हा धरलंय, किंवा अजून बरे झालेला नाहीत आणि प्रश्न २ अर्धवट राहिलाय. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी निघते.

२०. पुन्हा सेल्समध्ये यावंसं वाटलं तर?

या की. माझा एक सहकारी दीड वर्ष रोपवाटिकेत रमला आणि मग शेतीच्या अवजारांच्या विक्रीत परतला, मजेत आहे. जाताना त्याने मुलाखतीत तीन गोष्टी विचारून घेतल्या: ठरलेला पगार एकूण पगाराच्या किती टक्के, महिनाअखेरीला न खपलेल्या मालाचं काय करता, आणि रात्री आठनंतर फोन घ्यावा लागतो का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस अडखळला, तेव्हा त्याने तेवढं ऑफर लेटरमध्ये लिहून मागितलं. मिळालं.